एक मिलिमीटरची फट

टीव्हीवर ‘छायागीत’ रंगात आलेलं असताना खालच्या रस्त्यावरून एखादी स्कूटर गेली की पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ सरकायची आणि गाण्यात खरखर मिसळायची. ऐंशीच्या दशकात चाळी-वाड्यांत वाढलेल्यांना हे नीट आठवत असेल. घरातलं कुणीतरी कुरकुरत गच्चीवरची अँटेना फिरवायला निघायचं, तोवर स्कूटर कोपऱ्यावरून वळलेली असायची आणि चित्र आपसूक स्वच्छ व्हायचं. दोष अँटेनाचा नव्हताच. त्या स्कूटरच्या इंजिनातली ठिणगी चक्क रेडिओलहरी फेकत होती. मार्कोनीचे सुरुवातीचे बिनतारी संदेश अशाच ठिणगीतून निघत. १९१२ साली बुडणाऱ्या ‘टायटॅनिक’वरून मदतीची हाक गेली तीही ठिणगीवर चालणाऱ्या यंत्रातूनच. स्कूटरवाल्याला फक्त मंडईत जायचं होतं, एवढाच फरक.

ही ठिणगी जिथे पडते तिथे पाहावं तर काहीच नसतं. स्पार्क प्लग हातात घेतला की वर तारेसाठी किंवा कॉइलसाठी टोक, त्याखाली चिनी मातीचा वाटावा असा पांढरा नळा (तो असतो ॲल्युमिनाचा), त्याभोवती पोलादी कवच, कवचाला पाना बसावा म्हणून सहा कडा आणि खाली आटे दिसतात. तळाशी मधल्या काडीचं टोक आणि त्याच्यावर वाकवलेली कवचाची पट्टी यांच्यामध्ये साधारण पाऊण ते एक मिलिमीटर मोकळी जागा असते. गॅरेजमध्ये तिला नुसतं ‘गॅप’ म्हणतात. प्लग घेणारा पैसे मोजतो ते या फटीसाठीच. बाकीचं सगळं सामान ती फट जागच्या जागी राहावी म्हणून आहे.

एत्येन लनवार याने १८६० साली आपल्या गॅस इंजिनात विजेच्या ठिणगीने स्फोट घडवला, पण रस्त्यावरच्या मोटारीला भरवशाची ठिणगी मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातला अभियंता गोटलोब होनोल्ड याने १९०२ साली उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग यांची जोडी जमवली. आजचा प्लग त्याच घराण्यातला आहे. त्या घराण्याची एक शाखा भारतातही आली. बॉशच्या सहकार्याने १९५१ साली बंगळुरूमध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे ‘मायको’, उभी राहिली आणि दुकानदारांच्या तोंडी ‘मायकोचा प्लग’ रुळला. २००८ साली कंपनीचं नाव ‘बॉश लिमिटेड’ झालं, तरी नाशिकचं मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे. गंमत म्हणजे नाशिकचा कारखाना ओळखला गेला तो डिझेल इंजिनांच्या नोझलसाठी, आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. तिथे दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटतं. डिझेल गाडीत मिस्त्री ज्याला ‘हीटर प्लग’ म्हणतो, तो थंडीत इंजिन सुरू व्हायला मदत करतो. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

आता फटीकडे. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. तेवढ्याने एक मिलिमीटर हवा ओलांडणं सोडाच, केसभर अंतरही ओलांडता येत नाही. म्हणून इग्निशन कॉइल त्या बारा व्होल्टचे वीस-तीस हजार करून देते. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर फट ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात, पण सिलिंडरमधली हवा मोकळी नसते. पिस्टनने ती दाबून दाबून दहाव्या हिश्श्यात कोंबलेली असते. दाब वाढला की ठिणगीला लागणारं व्होल्टेज वाढतं आणि अंतर वाढलं की आणखी वाढतं. दाब आणि अंतर यांचं हे नातं जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन याने १८८९ साली मांडलं.

पाशेनचा नियम खंबाटकी घाटात भेटतो. सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालणारी गाडी घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये झटके मारू लागते, पिकअप जातो, चालक एसी बंद करून पाहतो. घाट संपला की गाडी पुन्हा गुणी बाळ. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये उभ्या गाडीचं इंजिन ऐकून मिस्त्री म्हणतो, ‘काही नाही साहेब, मशीन मस्त आहे.’ चालक आणि मिस्त्री दोघंही खरंच बोलत असतात. उभ्या गाडीत थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, सिलिंडरमध्ये थोडीच हवा शिरते, दाब कमी राहतो आणि झिजलेला प्लगही निभावून नेतो. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडर काठोकाठ भरतो, दाब चढतो आणि रुंदावलेली फट ओलांडायला कॉइलची ताकद अपुरी पडते. ठिणगी चुकते. याला गॅरेजच्या भाषेत ‘गाडी मिसिंग करते’ असं म्हणतात.

म्हणूनच प्लग बाहेर काढून, इंजिनच्या अंगाला टेकवून, स्टार्टर मारून ठिणगी पाहायची जुनी पद्धत अर्धवट आहे. उघड्या हवेत फटाफट ठिणग्या टाकणारा प्लग आत, दाबाखाली, गप्प बसू शकतो. नव्या गाड्यांत तर ही परीक्षा महागात पडते. तीस हजार व्होल्टला वाट मिळाली नाही की ते कॉइल किंवा इंजिनचा कंट्रोलर यांच्यात घुसायला पाहतात.

फट रुंदावते कशाने? रोजच्या कामाने. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडते. इंजिन सरासरी दोन हजार फेऱ्यांवर चाललं तर प्रत्येक प्लग मिनिटाला हजार ठिणग्या टाकतो. ताशी सरासरी चाळीस किलोमीटर धरले तर ४०,००० किलोमीटरला हजार तास लागतात, म्हणजे एका प्लगच्या वाट्याला सहा कोटी ठिणग्या आल्या. दर ठिणगीला धातूचे अगदी सूक्ष्म कण उडतात. नुसती फटच रुंदावत नाही, टोकाच्या धारदार कडाही गोलावतात. वीज टोकदार जागेवरून सहज उडी घेते, देवळाच्या कळसावरचा वीजवाहक टोकदार असतो तसंच. कडा बोथट झाल्या की तेवढ्याच फटीला जास्त व्होल्टेज लागतं.

इथे धातूचा प्रश्न येतो. नेहमीच्या स्वस्त प्लगला दुकानात ‘कॉपरचा प्लग’ म्हणतात, पण त्यात तांबं असतं ते पोटात, उष्णता वाहून नेण्यासाठी. झिजणारं टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १,७६८ अंशांना, आणि इरिडियम थेट २,४४६ अंशांना. इरिडियम इतकं चिवट की त्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरइतकं बारीक करता येतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये पडते आणि झीजही कमी होते. हा धातू पृथ्वीच्या कवचात इतका दुर्मीळ आहे की साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या मातीच्या थरात तो नेहमीपेक्षा कितीतरी जास्त सापडला, तेव्हा लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी १९८० साली तो अशनीबरोबर आला असावा असं मांडलं. डायनोसॉरच्या अंताची गोष्ट तिथून सुरू झाली. साधा निकेलचा प्लग बहुधा वीस ते चाळीस हजार किलोमीटरला बदलतात, इरिडियमचा ऐंशी हजार ते लाखापर्यंत जातो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, आणि तो मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा वरचढ मानावा. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचं गणित मात्र वेगळं. वायूचं मिश्रण पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, प्लग लवकर थकतो, आणि पेट्रोलवर बिनतक्रार चालणारी गाडी सीएनजीवर टाकली की मिसिंग करते. मुंबईच्या टॅक्सीवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

प्लग विकत घेताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते आणि तिचीच सर्वांत जास्त हेळसांड होते. प्लग ‘गरम’ असतो किंवा ‘थंड’. याचा ठिणगीच्या उष्णतेशी काही संबंध नाही, प्लग आपल्या टोकाची उष्णता किती झपाट्याने सिलिंडरच्या हेडला देऊन टाकतो त्याच्याशी आहे. टोक साधारण पाचशे अंशांच्या वर राहिलं तर त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. साडेआठशे-नऊशेच्या पलीकडे गेलं तर ते निखाऱ्यासारखं लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं, आणि तसं चालत राहिलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. या दोन आकड्यांच्या मधला पट्टा प्लगला सांभाळायचा असतो. प्लगवरच्या अगम्य वाटणाऱ्या अक्षरांत हे सगळं लिहिलेलं असतं. एनजीके कंपनीचा ‘बीपीआर६ईएस’ घ्या. बी म्हणजे चौदा मिलिमीटरचे आटे, पी म्हणजे पुढे आलेलं टोक, आर म्हणजे आत रोधक आहे, सहा हा उष्णतेचा क्रमांक, ई म्हणजे आट्यांची लांबी एकोणीस मिलिमीटर. एनजीके आणि डेन्सो यांच्याकडे आकडा वाढला की प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियन यांच्याकडे आकडा वाढला की गरम. म्हणजे ‘सहा नंबर नाही, सात घेऊन जा, चालतो’ हा सल्ला एका कंपनीच्या प्लगबाबत एका दिशेने चुकतो आणि दुसऱ्या कंपनीच्या बाबतीत उलट दिशेने.

त्यातला तो ‘आर’ म्हणजे ‘छायागीत’वाल्यांना मिळालेला उशिराचा न्याय. प्लगच्या पोटात साधारण पाच हजार ओहमचा रोधक बसवला की ठिणगीचा रेडिओगोंगाट दबतो. आता टीव्ही केबलवर गेला, पण गाडीतच संगणक आला आणि त्याला हा गोंगाट सहन होत नाही. म्हणून ‘आर’ नसलेला प्लग आजच्या गाडीत लावू नये.

जुना प्लग काढला की तो कचऱ्यात जातो, आणि हे दुर्दैव आहे. इंजिनाच्या पोटात हजारो किलोमीटर राहून बाहेर आलेली आणि इतक्या सहज हातात येणारी दुसरी वस्तू नाही. मिस्त्रीकडून जुने प्लग मागून घ्यावेत, कोणता कोणत्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून ओळीने मांडावेत आणि उजेडात पाहावेत. टोकाभोवतीचा पांढरा नळा बदामी किंवा फिकट तपकिरी दिसला तर आत सगळं क्षेमकुशल आहे. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, किंवा एअर फिल्टर तुंबलेला, किंवा गाडी रोज दीड किलोमीटर चालून परत येणारी. बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा पार्किंगमध्ये पाच मिनिटं इंजिन चालवणारे भाविक याच वर्गात मोडतात. टोक पाचशे अंशांपर्यंत पोचतच नाही, काजळी जळत नाही, आणि एक दिवस गाडी सुरूच होत नाही. काळं ओलसर, तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगांमधून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल गळून आत येतंय. प्लग बदलल्याने हा आजार बरा होत नाही. पांढराफटक, फोड आलेला प्लग अति उष्णतेची खूण: मिश्रणात पेट्रोल कमी, ठिणगीची वेळ चुकलेली, किंवा प्लगच चुकीच्या क्रमांकाचा. आणि चारांपैकी तीन बदामी नि एकच काळा असेल तर फिल्टरला दोष न देता त्या एका सिलिंडरमागे लागावं.

एक डाग मात्र विनाकारण बदनाम आहे. षटकोनाच्या वर, पांढऱ्या नळ्यावर पिवळट-तपकिरी कडं दिसतं आणि मिस्त्री निदान करतो की इथून गॅस लीक होतोय. बहुतेक वेळा तसं काही नसतं. उच्च व्होल्टेजभोवतीच्या विद्युत क्षेत्राने हवेतले ऑइलचे कण ओढून चिकटवलेले असतात. त्याला करोना डाग म्हणतात आणि तो निरुपद्रवी असतो.

एकेकाळी प्लगवर याहून वाईट पुटं चढत, कारण पेट्रोलमध्ये शिसं असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेरहित पेट्रोल आलं आणि प्लगचं आयुष्य सुधारलं. त्याआधी कळकट प्लग काढून साफ करणं हा नित्याचा संस्कार होता. पंपावर वाळूचा मारा करून प्लग धुणारी यंत्रं असत. टू-स्ट्रोक स्कूटरवाल्यांच्या डिकीत तर प्लगपाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि फडक्यात गुंडाळलेला जादा प्लग असायचाच, कारण पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं आणि प्लग केव्हाही ‘शॉर्ट’ व्हायचा. ती सवय मोटारीतही आली, पण आता ती सोडलेली बरी. तारेच्या ब्रशने घासल्यावर पांढऱ्या नळ्यावर धातूच्या बारीक रेघा उमटतात आणि वीज फट ओलांडण्याऐवजी त्या रेघांवरून पळ काढते. वाळूचा एखादा कण खाचेत अडकून राहिला तर तो सिलिंडरमध्ये पडतो. आणि इरिडियमचं बारीक टोक ब्रशने किंवा फिलर गेजच्या पत्तीने ढकललं तर मोडतं. निकेलच्या नव्या प्लगची गॅप गेजने जरूर तपासावी आणि कमी-जास्त असेल तर पट्टी अलगद वाकवावी, मधल्या काडीला हात लावू नये. इरिडियमची फट कारखान्यात लावलेली असते. तिच्याकडे फक्त बघावं.

बदलण्याचं काम अवघड नाही, पण त्याला घाई चालत नाही. पहिली अट म्हणजे इंजिन पूर्ण थंड हवं. हेड ॲल्युमिनियमचं, प्लगचं कवच पोलादी. गरम असताना जोर लावला तर नरम ॲल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर बाहेर येतात. ‘आटे गेले’ हे दोन शब्द गॅरेजमध्ये ऐकले की खिशात हात घालायची वेळ आली समजावं. मग हेडमध्ये तारेचे नवे आटे बसवावे लागतात. कॉइलचा दहाचा बोल्ट काढून, कनेक्टरची कुलूपपट्टी जपून दाबून कॉइल वर ओढायची (उन्हातान्हात जुनं झालेलं ते प्लास्टिक तुटायला निमित्तच शोधत असतं). मग खोल विहिरीसारखी नळी दिसते आणि तिच्या तळाशी प्लग. पाना लावायच्या आधी त्या विहिरीत हवा मारायची, कारण तिथली दगड-धूळ प्लग निघाल्याबरोबर सिलिंडरमध्ये उतरते. विहिरीत ऑइल साठलेलं असेल तर वरच्या कव्हरचं सील गेलंय. पाणी असेल तर कुणीतरी बॉनेट उघडून जोराच्या फवाऱ्याने इंजिन धुतलंय, आणि पावसाळ्यातल्या मिसिंगचं मूळ तिथेच सापडलं.

प्लग जुना आणि अडलेला असेल तर बळजबरी करू नये. अमेरिकेत फोर्डच्या ५.४ लिटर, तीन व्हॉल्व्हच्या ट्रायटन इंजिनात २००४ ते २००८ या काळात लांब नळीचे, दोन तुकड्यांत घडवलेले प्लग होते. नळीभोवती कार्बन साचून ते हेडमध्ये असे चिकटायचे की काढताना वरचा भाग हातात यायचा आणि खालचा आतच राहायचा. अखेर कंपनीने मिस्त्रींसाठी पद्धत लिहून दिली: इंजिन थंड, प्लग जरासाच ढिला करायचा, कार्ब्युरेटर क्लीनर ओतायचा, निदान पंधरा मिनिटं थांबायचं, मग पुढे-मागे हलवत काढायचा. साध्या इंजिनातही अडलेल्या प्लगला हाच मान द्यावा.

नवा प्लग पान्याने नव्हे, बोटांनी बसवायचा. विहीर खोल असेल तर पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून फिरवावा. आटे वाकडे धरले तर नळी हातातच घसरते आणि नुकसान टळतं. तळाला टेकला की टॉर्क पान्याने घट्ट करायचा: चौदा मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, बारा मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २०. तसा पाना नसेल तर वायसर असलेला नवा प्लग टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तोच प्लग काढून परत लावत असाल तर वायसर आधीच चेपलेला असतो, तेव्हा फेऱ्याचा बारावा भागच पुरे. आट्यांना ग्रीस फासायचा मोह आवरावा. निसरडेपणामुळे त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो, आणि कवचावर मुलामा असतोच. ढिला ठेवणंही तितकंच वाईट, कारण प्लगच्या टोकाची उष्णता वायसर आणि आटे यांच्या वाटेनेच हेडमध्ये जाते. ती वाट सुटली की योग्य क्रमांकाचा प्लगही निखारा होतो.

सगळे प्लग एकदम काढायची हौस जुन्या, डिस्ट्रिब्युटरच्या गाड्यांवर नडत असे. प्रीमियर पद्मिनीत चार तारा आणि एक, तीन, चार, दोन असा ठिणगीचा क्रम. दोन तारा आलटापालट झाल्या की गाडी सायलेन्सरमधून फटाके वाजवायची. आता प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉइल बसते, तरी एका वेळी एकच प्लग काढण्याची शिस्त जुन्या मिस्त्रींनी सोडलेली नाही.

झिजलेला प्लग स्वतः स्वस्त असतो; महाग पडतं ते त्याच्या शेजारचं सामान. रुंद फटीसाठी कॉइलला सतत जास्त जोर लावावा लागतो, तिचं आवरण फुटतं आणि ती जाते. चुकलेल्या ठिणगीचं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे वाहतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याची आतली जाळी वितळवतं. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा नुसता पेटला तर गॅरेजपर्यंत जाता येतं, पण तो लुकलुकायला लागला तर गाडी हळू चालवावी, जमल्यास थांबवावी. स्कॅनरवर तेव्हा बहुधा पी ०३०१, पी ०३०२ अशा खुणा दिसतात. शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा क्रमांक. अशा वेळी एक जुनी युक्ती कामाची: संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावायची. खूण तिच्याबरोबर सरकली तर दोष कॉइलचा, जागच्या जागी राहिली तर प्लग काढून पाहायचा.

आणि बिल देण्याआधी प्लग मोजावेत. चार सिलिंडर म्हणजे चार प्लग हे गणित नेहमी जुळत नाही. २००३ साली भारतात आलेल्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात दर सिलिंडरला दोन, असे आठ प्लग होते. पुढचे चार सहज हाताशी येणारे, मागच्या चारांपर्यंत हात पोचवणं जिकिरीचं. ती गाडी जुन्या बाजारातून घेणाऱ्याला ‘प्लग नवेच आहेत’ असं सांगितलं जातं, तेव्हा ते बहुधा पुढच्या चारांबद्दल असतं.